एवढं पान होऊ दे

१

भिवंडीत बारा लूमच्या शेडमध्ये एकच लूम उरला, की शहाणा माणूस तोही भंगारात घालतो आणि शेड गोडाऊनला भाड्याने देऊन मोकळा होतो. जब्बारचा मुलगा शादाब हेच सांगून सांगून थकला होता. तो राहनाळला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता, बायकोपोरांना घेऊन तिकडेच राहायचा, आणि दर जुम्म्याला येऊन बापाला तेच पुन्हा सांगायचा. जब्बार मान डोलवायचा. तो गेला की पुन्हा लूमपुढे जाऊन बसायचा. काढलेल्या अकरा लूमचे बोल्ट जिथे रुतले होते तिथे फरशीवर काळे चौकोन राहिले होते, आणि एकसष्ट वर्षांचा जब्बार अजून त्या चौकोनांना वळसा घालून चालायचा.

उरलेल्या लूमच्या माथ्यावर जेकार्ड होतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ वरून फिरते, पत्त्यात जिथे भोक तिथला धागा उचलला जातो, आणि खाली कापडात नक्षी उमटते. एक पत्ता म्हणजे आडवा एक धागा. धंद्याची साधी रीत अशी, की चार बोटांची नक्षी काढायची आणि तीच फिरवत राहायची. जब्बारच्या माळेत पाच हजारांवर पत्ते होते आणि प्रत्येक पत्ता त्याने स्वतः टोचला होता. नक्षी एका वेलीची होती. ओढणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी, आणि तिचं एकही पान दुसऱ्या पानासारखं नव्हतं. असं भिवंडीत कुणी केलेलं नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं, कारण करण्याचं कुणाला काही कारण नव्हतं.

बारीक रेशीम मोटरच्या वेगाला तुटायचं, म्हणून त्याने पट्टा उतरवून ठेवला होता. चाक हाताने फिरवायचं. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जायचा, फणी ठोकायची, मग थांबून रंग बदलायचा. दिवसाला वीतभर कापड निघालं तरी खूप. येसू नावाची पन्नाशीची बाई पडघ्याकडच्या एका पाड्यावरून यायची आणि कोपऱ्यात बसून धोट्यात घालायच्या कांड्यांवर रेशीम भरायची. शेजारच्या शेडमधले लूम दिवसभर धडधडायचे. त्या गदारोळात जब्बारच्या लूमचा एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा.

घर गल्लीच्या तोंडाशी, शंभर पावलांवर. मुलगी जोहा सकाळच्या शाळेत शिकवून साडेबाराला परत यायची, स्वयंपाक गरम करायची आणि एकला शेडच्या दाराशी येऊन हाक मारायची. जब्बार मान वर न करता म्हणायचा, "एवढं पान होऊ दे." ती निघून जायची. रात्री तो झाकून ठेवलेलं ताट उघडून गार जेवायचा. ही रोजची गोष्ट होती, त्यामुळे तिच्यात कुणाला काही दिसत नव्हतं.

पण एका मंगळवारी तो घरी आला तर झाकलेलं ताट नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली होती. जोहा वह्या तपासत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "आज आलात ते बरं केलंत, अब्बा. सुकटीचं कालवण गरमच खायला हवं."

टोमणा असेल, असं जब्बारला वाटलं. टोमणा मारण्याचा तिला हक्कही होता. तो मोरीत हात धुवायला गेला, तर त्याचं नेहमीचं ताट, कडेला पोचा आलेलं, फळीवर उभं केलेलं होतं. त्याच्यावरून पाणी अजून ओघळत होतं.

त्या रात्री तो चार बिस्किटं खाऊन झोपला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कापडात पट्टी दिसली.

वेल चढत चढत एका जागी थांबली होती. तिथे बोटभर रुंदीचं साधं, बिननक्षीचं कापड होतं, आणि त्यानंतर वेल पुन्हा सुरू झाली होती. दोन्हीकडच्या कडा सरळ होत्या. काम चुकल्यासारखं दिसत नव्हतं, कुणी ठरवून सोडल्यासारखं दिसत होतं.

अशा पट्टीला जब्बारच्या वडिलांच्या शेडमध्ये विसावा म्हणत. लूम मध्येच थांबवला की ताण सैल पडतो, आणि पुन्हा सुरू करताना कापडात एक आडवी रेघ उमटते. ती रेघ काही केल्या जात नाही. म्हणून त्याचे वडील प्रत्येक नक्षीत वीतभर अंतरावर बोटभर साधं कापड सोडायचे. थांबायचं ते तिथेच. नमाजाला, जेवायला, कुणी दारी आलं तर, कुणी गेलं तर. रेघ पडली तरी साध्या कापडात दिसत नाही. आणि विसावा आला की विणणाऱ्याने उठलंच पाहिजे, मग भूक असो नसो, असा वडिलांचा दंडक होता.

जब्बारच्या वेलीत विसावा नव्हता. त्याने तो मुद्दाम ठेवला नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो कागदावर चौकोन भरत बसला होता, तेव्हा सईदा, त्याची बायको, चहा घेऊन आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यात उठायचं कुठे?" तो हसला होता. पान संपतं तिथे त्याची कड जाड असते, रेघ तिच्याखाली लपते, एवढं एक पान झालं की उठता येतं, असं त्याने तिला समजावलं होतं. आणि एकेक पान दीड-दोन तासांचं होतं.

पुढचं सांगायला जब्बारची जीभ कधी रेटली नाही, म्हणून ते इथेच सांगून टाकावं. दोन वर्षांपूर्वी, पहिली ओढणी लूमवर असताना, एका दुपारी सईदाच्या छातीत दुखायला लागलं. जोहा धावत शेडमध्ये आली. जब्बार म्हणाला, शादाबला फोन कर, रिक्षा बोलाव, एवढं पान होऊ दे, मी आलोच. ती दुसऱ्यांदा आली. तो तेच म्हणाला. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती काहीच बोलली नाही, दाराशी नुसती उभी राहिली. पान पुरं झालं होतं. कापडावर रेघ नव्हती.

जब्बारला पश्चात्ताप होता. खोटं कशाला बोला, अगदी आतड्यापासून होता. ती ओढणी त्याने कापून चुलीत घातली. पण पत्ते जाळायला हात धजावला नाही. दोन वर्षांत जोहा त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, चांगलं नाही की वाईट नाही. तिने एकदा बोलावं, तोंडाला येईल ते बोलावं आणि मग माफ करावं, एवढं एकच त्याला आता या जगात हवं होतं. तिचा अम्मारशी निकाह ठरला तेव्हा त्याने पत्त्यांची माळ पुन्हा चढवली. ही ओढणी तिच्या डोक्यावर घालू, मग ती बोलेल, असं त्याने मनाशी धरलं. बायकोचा जीव ज्यापायी गेला तेच लेकीला आहेरात द्यायचं, हे त्याला विपरीत वाटलं नाही. वेड लागलेल्या माणसाला आपलं वेड नेहमी दुसऱ्यासाठीच असतं.

पट्टीचे पत्ते त्याने काढून उजेडात धरले. भोकं जिथल्या तिथे होती. दोन पत्ते चिकटले असतील, असं त्याने ठरवलं, जरी दोन पत्ते चिकटून बोटभर पट्टी होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पट्टी उसवली. सुटलेल्या रेशमाला किंचित पिवळट डाग होते, हळदीच्या हाताचे असावेत तसे. येसूवर तो उगाच खेकसला. तिने दोन्ही हात पुढे करून दाखवले. ते कोरडे आणि स्वच्छ होते.

३

मग ते रोजचंच झालं. दुपारी जोहा हाक मारून जायची, जब्बार पान पुरं करायचा, रात्री घरी त्याचं ताट धुतलेलं असायचं, आणि सकाळी कापडात एक विसावा दिसायचा. तो उसवून टाकायचा आणि त्यावरून वेल चढवायचा.

जोहा मात्र बदलली. आधी नुसती मायेने बघायला लागली. मग बोलायला लागली. एका संध्याकाळी भाजी निवडताना ती आपणहून हसली आणि म्हणाली, "तो तुरटीचा चहा, अब्बा. मला आज वर्गात आठवला आणि हसू आवरेना."

जब्बारच्या हातातला पेला हातातच राहिला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सईदाने साखर समजून चहात तुरटीची पूड घातली होती, आणि नवी नवरी ओशाळू नये म्हणून तो त्याने घोट घोट करून संपवला होता. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याने ती कधी कुणाला सांगितली नव्हती. सईदालाही नाही.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच की," ती म्हणाली. "काल दुपारी."

त्याने स्वतःशी बराच वाद घातला. वय झालं, आपण जातो, जेवतो, बोलतो आणि विसरतो. त्याचा चुलता म्हातारपणी सकाळी दोनदा नाश्ता करायचा आणि नाहीच म्हणायचा. पण विसरणाऱ्याला भूक लागते का? जब्बारला रोज रात्री भूक लागत होती. त्याची तुमान कमरेला सैल झाली होती.

तेव्हा त्याने एक युक्ती केली. एका दुपारी जोहाची हाक येऊन गेल्यावर, येसूही जेवायला बाहेर गेल्यावर, त्याने शेडच्या दाराच्या चौकटीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक रेशमाचा धागा आडवा बांधला आणि लूमवर येऊन बसला. दार त्याच्या पाठीशी होतं. त्याने पुरतं एक पान विणलं. मान वळवली नाही, कारण पान अर्ध्यात होतं. उठून पाहिलं तेव्हा धागा होता तिथेच, ताठ. त्याला हायसं वाटलं. मग वाकून बघताना मधोमध एक गाठ दिसली.

ती विणकराची गाठ होती, बारीक, फणीतून सरकून जाईल अशी. टोकं दातांनी तोडलेली होती. भिवंडीत ही गाठ लाख माणसांना येते, पण जब्बार डावखुरा होता आणि त्याच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा. हा पीळ उलटा होता.

आता तरी कुणीही लूम बंद केला असता. जब्बारने काय केलं हे सांगताना वाईट वाटतं. तो बराच वेळ त्या गाठीकडे बघत उभा राहिला. तो घाबरला, हे खरं. पण थोड्या वेळाने त्याच्या मनात आलं, की जोहा खूश आहे. तिला दुपारी सोबत मिळते. ताट गार होत नाही. आणि इथे आपलं पानही होतं. जे कुणी आहे ते आपली जागा राखतंय, तर राखू दे, निकाहापुरतंच आहे. त्याने धागा काढून खिशात टाकला आणि दुसरा रंग घेतला.

त्यानंतर जोहा काही बोलली की तो हुं म्हणायचा. तिने दुपारच्या गप्पा काढल्या की आठवल्यासारखं करायचा. त्याला ते चांगलं जमायला लागलं.

४

निकाहाला चार दिवस असताना येसूने काम सोडलं.

ती जेवून परत आली होती आणि दाराशीच थबकली होती. जब्बारने चाक फिरवता फिरवता विचारलं, काय गं, आत ये. ती आत आली नाही. तिचा चेहरा उतरला होता. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"शेट, तुमी तर आत्ताच भायेर गेलाव," ती म्हणाली. "मी बाजूला व्हऊन तुमाला वाट दिली."

"मी इथेच हाय, बघतेस ना," जब्बार म्हणाला. तिच्याशी बोलताना तोही तिच्यासारखं बोलायचा.

"व्हय. बगते." तिने मागे वळून गल्लीत पाहिलं. "तुमी मला इचारलंव, जेवलीस का येसू. आठ वरसांत कदी इचारला न्हाय तुमी."

जब्बारने ते थट्टेवारी नेलं. ऊन फार आहे, पाणी पी, असं सांगितलं. येसूने कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली नाही, ती तिने त्याला तिथूनच फेकायला सांगितली. त्याने फेकली. ती झेलून ती म्हणाली, "मी आता येनार न्हाय. एका दारानं दोनदा जानारा मानूस मला बगवत न्हाय. आनि शेट, एक सांगू का. भायेर जातो ना, तो बरा मानूस हाय."

ती गेली. त्याला राग आला, आणि रागाच्या तळाशी काहीतरी दुखलं. त्या दिवसापासून कांड्याही त्याच भरायला लागला, त्यामुळे काम आणखी मागे पडलं. मागे वळून मात्र त्याने पाहिलं नाही. दाराकडे तोंड करून बसता येईल असा लूम फिरवता येत नाही, आणि आरसा लावायचा विचार त्याच्या मनात आला होता, पण तो त्याने तिथेच सोडून दिला.

५

निकाह रविवारी दुपारी बाराला, कोन गावातल्या एका हॉलवर होता. कोकणी मुसलमानांच्या घरात मुलीचा निकाह बापाशिवाय अडतो. बाप तिचा वली. त्याने नवऱ्या मुलासमोर बसून आपल्या तोंडाने मुलगी दिली असं म्हणायचं, मग नवऱ्या मुलाने कबूल म्हणायचं. बाप समोर असेपर्यंत ते दुसऱ्या कुणाचं काम नाही. जोहाने आदल्या रात्री एवढंच म्हटलं होतं, "अब्बा, बाकी काही नको मला. बाराला तिथे या." मग दारातून परत वळून म्हणाली होती, "उद्या मला तुमच्याशी अम्मीबद्दल बोलायचंय. निकाहाच्या आधी. मन मोकळं करून जायचंय मला."

जब्बारला रात्रभर झोप लागली नाही. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते उद्या होणार होतं. आणि ओढणीचं शेवटचं पान बाकी होतं.

सकाळी नऊला शादाब गाडी घेऊन आला आणि जोहाला, आपल्या बायकोला आणि मुलांना हॉलवर घेऊन गेला. अब्बा अकराला रिक्षाने येतील असं ठरलं. जब्बारने नवा पांढरा कुर्ता आणि टोपी शेडमध्ये आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, म्हणजे ओढणी कापली की तिथूनच निघायचं. रविवार असल्याने शेजारचे लूम बंद होते. गल्ली इतकी शांत त्याने कधी ऐकली नव्हती. फणीचा ठोका रिकाम्या शेडमध्ये भिंतीला लागून परत येत होता, आणि प्रत्येक ठोक्याचे दोन होत होते.

पावणेअकराला पान निम्मं झालं. त्याने फोन उलटा करून ठेवला. अकराला फोन थरथरला. तो मनात म्हणाला, एवढं पान होऊ दे. सव्वाअकराला पुन्हा थरथरला. साडेअकराला तिसऱ्यांदा.

तेव्हा त्याच्या मांडीसमोरचं ताणलेलं कापड किंचित खाली दबलं. तळहात टेकवून, रेटा देऊन, कुणी बसल्या जागेवरून उठावं तेवढंच. पाच बोटांच्या जागा दिसल्या आणि भरून निघाल्या. त्याच्या मागे फरशीवर पावलं वाजली, काळ्या चौकोनांना वळसा घालत दाराकडे गेली. खिळ्यावरून कापड सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ कुणीतरी तिथे उभं होतं. त्याला ते पाठीवर कळत होतं. ते त्याची वाट बघत होतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

त्याने वळायला हवं होतं. एवढंच करायचं होतं, उठायचं आणि वळायचं. रेघ पडली असती, पडू द्यायची होती. पण त्याच्या डाव्या हातात हिरवा धागा होता आणि उजव्या हातात चाक, आणि पानाचं टोक वीस पत्त्यांवर आलं होतं.

"जा," तो पुढे बघतच म्हणाला. "मी आलोच."

दार हलक्या हाताने ओढून घेतल्याचा आवाज आला.

६

ओढणी कापून, घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून तो निघाला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. खिळा रिकामा होता. तो तेलाचे डाग पडलेल्या सदऱ्यातच रिक्षात बसला. कल्याण रस्त्यावर कंटेनर अडकले होते. पुलावर रिक्षा पाऊण तास उभी राहिली आणि तो मांडीवरचं पुडकं दोन्ही हातांनी धरून मनात बोलायची वाक्यं जुळवत राहिला. काझीसाहेब खोळंबले असतील. नवऱ्याकडचे लोक, अम्मारचे वडील, तोंड फिरवून बसले असतील. जोहा काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. पाय धरायचे.

हॉलवर कुणी खोळंबलं नव्हतं. बिर्याणीचा वास येत होता, लोक जेवून हात पुसत बाहेर येत होते. दाराशी शादाब भेटला. त्याने बापाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "अब्बा, कपडे का बदललेत? आजच्या दिवस तरी राहू द्यायचे होते." मग त्याचे डोळे भरले आणि त्याने बापाला मिठीच मारली. म्हणाला, मघाशी मुलगी दिली म्हणताना तुमचा आवाज कापला, मला राहवलं नाही.

जब्बारने पुडकं काखेत धरून मिठी सोडवली. तो बायकांच्या बाजूला गेला.

जोहा खुर्चीवर बसली होती. तिच्या डोक्यावर ओढणी होती. वेल तीच होती. एकही पान दुसऱ्यासारखं नव्हतं, आणि वीत वीत अंतरावर बोटभर साधं कापड सोडलेलं होतं. त्याने उसवलेले सगळे विसावे तिथे होते. ती त्याला बघून हसली, लहानपणी हसायची तशी. त्याला ते हसू दोन वर्षांनी दिसलं.

"किती सुंदर झालीय, अब्बा," ती ओढणीवरून हात फिरवत म्हणाली. "मध्ये मध्ये मोकळं सोडलंत, म्हणून पानं दिसतात तरी."

त्याने पुडकं पाठीमागे नेलं.

"बेटा," तो म्हणाला, "तू मला अम्मीबद्दल काही बोलणार होतीस."

जोहाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने त्याचा हात हातात घेतला. तिला वाटलं बाप म्हातारा झालाय, त्याचं मन भरत नाही.

"मघाशी बोलले ते सगळं मनापासून बोलले, अब्बा. तुम्ही रडलात, मी रडले, झालं. आता माझ्या मनात काही नाही. ते पुन्हा नका बोलायला लावू. ते एकदाच बोलता येतं."

"एकदाच," जब्बार म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि कुणीतरी तिला फोटोसाठी बोलावलं.

चारला गाडी लागली. गर्दीत मागे उभं राहून त्याने बघितलं. दोन माणसांच्या खांद्यांमधून त्याला गाडीचं उघडं दार दिसलं, वाकलेली जोहा दिसली, आणि तिच्या डोक्यावर ठेवलेला एक हात दिसला, पांढऱ्या नव्या बाहीतला. डावा हात. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, फणीत सापडून गेलेलं. जब्बारने आपल्या अंगठ्याच्या तशाच काळ्या नखाकडे पाहिलं. वर बघेपर्यंत खांदे जुळले होते आणि गाडी निघाली होती.

शादाब त्याला शोधत आला नाही. त्याला घरी सोडणारी गाडी कुणाला तरी घेऊन आधीच गेली होती.

जब्बार रिक्षाने परतला. मगरिबची अजान होऊन अंधार पडला होता. आता घरात कुणी नव्हतं, जोहा गेली, शादाब राहनाळला. खिडकीत दिवा होता. त्याने दार ढकललं, ते आतून लावलेलं होतं. आत ताट ठेवल्याचा आवाज झाला, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज झाला, आणि सुकटीच्या कालवणाचा वास आला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

त्याने दार वाजवलं. थांबून पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा त्याला वाजवताच आलं नाही, हात दारावर टेकवून तो नुसता उभा राहिला.

"आलोच," आतून त्याचाच आवाज म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. "एवढं जेवण होऊ दे."

या 'आलोच'ला किती वेळ लागतो हे जब्बारएवढं कुणाला माहीत होतं? तो पुडकं मांडीवर घेऊन पायरीवर बसला. शेडची किल्ली तेवढी त्याच्या खिशात होती.